दिवस राहण्याआधीचं आयोडीन

गरोदर बाईच्या आहाराची चर्चा लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड इथवर येऊन थांबते. आयोडीनची गरज मात्र दिवस राहिल्याचं कळायच्या आधीच सुरू झालेली असते. बाळाची थायरॉइड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते. मेंदूची जडणघडण त्याआधीच चालू असते, आणि तोवर सारी भिस्त आईच्या थायरॉक्सिनवर, म्हणजे आयोडीनपासून बनणाऱ्या थायरॉइडच्या संप्रेरकावर. आईच्या ग्रंथीला जवळजवळ दीडपट संप्रेरक बनवावं लागतं. शिवाय या काळात लघवीवाटे आयोडीनही जास्त जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना एरवी रोज १५० मायक्रोग्रॅम, तर गरोदरपणात २५० मायक्रोग्रॅम आयोडीन सुचवते.

ते पुरवायचा सोपा मार्ग भारतातही पारखला गेला. १९५६पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात लोकांना आयोडीनयुक्त मीठ दिलं आणि काही वर्षांत गलगंडाचं प्रमाण झपाट्याने उतरलं. १९६२मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हे काम होतं.

आज नियमानुसार घरात येणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवं. तेवढंच असेल, तर दिवसभरातल्या पाच ग्रॅम मिठातून जेमतेम ७५ मायक्रोग्रॅम मिळतात. म्हणून मीठ वाढवायचं नाही, रक्तदाबाचं भान हवंच. दूध, दही, अंडी, समुद्राची मासळी यांनी भर घालायची.

मला खरी काळजी वाटते ती ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकात शिरलेल्या सैंधव आणि गुलाबी मिठाची. उपवासाला एखाद्या दिवशी सैंधव चालेल. नऊ महिने नाही. मिठागरातल्या साध्या खडे मिठाचंही तेच. समुद्राचं असलं तरी त्यात आयोडीन नगण्य असतं. पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह पाहून घ्यावं, मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावं आणि भाजीत शेवटी घालावं; ओल आणि उष्णता यांनी आयोडीन उडतं.

आयोडीनच्या वापरात अडथळा आणू शकणारे कोबी-फ्लॉवर शिजवून बेतानं खायला हरकत नाही. तंबाखूचा धूर मात्र घातक: त्यामुळे रक्तात थायोसायनेट वाढतं आणि ते ग्रंथीत जाणारं आयोडीन अडवतं. उलट, समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतून आयोडीनचा अतिरेक होऊ शकतो आणि बाळाची कोवळी ग्रंथी त्याने मंदावते. थायरॉइडचं औषध चालू असेल, तर कुठलंही पूरक डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.