करिंथकरांचं टपाल, मालवणकरांच्या कानी

येशू ख्रिस्ताविषयीचा आज हाती असलेला सर्वांत जुना मजकूर म्हणजे एक पत्र, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स. 50च्या सुमारास ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने थेस्सलनीका या बंदरातल्या मूठभर श्रद्धावंतांना ते पाठवलं. मार्काचं शुभवर्तमान त्यानंतर वीसेक वर्षांनी आलं आणि बाकीची तीन त्याच्याही मागून. म्हणजे गव्हाणीतलं बाळ, मेंढपाळ, काना गावच्या लग्नातला द्राक्षारस हे सगळं शुभवर्तमानांत लिहिलं जाण्याआधीच ख्रिस्त टपालातून घरोघर पोचला होता!

नव्या करारात 27 पुस्तकं आहेत आणि त्यांतली 21 पत्रं. 13 पत्रांवर पौलाचं नाव आहे. त्यांतली 7 त्याचीच, याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. सिंधुदुर्गात ही पत्रं आजही ऐकू येतात. सावंतवाडीच्या मिलाग्रिस कॅथेड्रलमध्ये किंवा वेंगुर्ल्यात रविवारच्या मिस्सेला गेलात, तर दुसरं वाचन बहुतेक वेळा यांतलंच असतं, कधी मराठीत तर कधी कोंकणीत. पुणे धर्मप्रांतातून 2005 साली वेगळा झालेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत रत्नागिरी आणि कोल्हापूरपर्यंत पसरलाय. तिथला वाचक उभा राहून जे करतो, तेच पौलाला हवं होतं. थेस्सलनीकाकरांना तो बजावतो की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा. कलस्सैकरांना त्याची सूचना आहे की तुमचं वाचून झालं की शेजारच्या लावदिकीयाला पाठवा आणि तिकडचं मागवून तुम्ही वाचा.

चरित्र जवळजवळ नाहीच

पौलाच्या पत्रांत येशूचं बालपण शोधायला जाल तर रिकाम्या हाताने परत याल. दाखले नाहीत, त्याने बरे केलेले आंधळे-पांगळे नाहीत, मरियेचं नावही नाही. तो स्त्रीपोटी जन्मला, दाविदाच्या वंशातला होता, त्याला भाऊ होते, धरून देण्यात आला त्या रात्री त्याने भाकर मोडली, वधस्तंभावर मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. एवढ्यावर भागतं. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी नेमकी उलटी वाट धरली. 1579 साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेजुइटाने जवळपास 11,000 ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचलं आणि 1616 साली ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. पुराण ऐकायला बसणाऱ्या माणसाला कथा हवी, हे त्यांनी ओळखलं होतं.

मग पत्रांतला ख्रिस्त करतो काय? माझ्या मते इथेच खरी गंमत आहे. तो माणसांच्या रोजच्या कटकटींत येऊन उभा राहतो.

पंगत, वर्गणी आणि दोन बायांचं भांडण

प्रभुभोजनाची सर्वांत जुनी हकिकत करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आहे. पौलाने ती सांगितली कशासाठी? करिंथमध्ये एकत्र जेवायला जमलेली खाती-पिती मंडळी आधी जेवून घेत, दारू पिऊन तर्र होत आणि गरीब उपाशी राहत. पौल संतापला. त्या पंगतीला लाज वाटावी म्हणून त्याने येशूच्या शेवटच्या रात्रीची आठवण काढली. जगभरच्या मिस्सेत भाकर आणि द्राक्षारसावर जे शब्द उच्चारले जातात, त्यांची सर्वांत जुनी लेखी नोंद अशी एका बिघडलेल्या पंगतीमुळे झाली.

करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात विषय वर्गणीचा आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे गोळा करायचे होते आणि करिंथकर कबूल करून थंड पडले होते. पौल दोन अध्याय समजूत घालतो आणि मध्येच एक ओळ टाकतो: ख्रिस्त धनवान असून तुमच्यासाठी गरीब झाला. ख्रिस्त कोण याचं इतकं थोडक्यात उत्तर, आणि तेही वर्गणीच्या आवाहनात!

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. फिलिप्पैकरांच्या पत्रात एक ख्रिस्तस्तोत्र आहे. देवाच्या स्वरूपात असूनही त्याने ते पद धरून ठेवलं नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली. म्हणून देवाने त्याला सर्वांहून उंच केलं, असा त्याचा आशय. हे पौलाच्याही आधीपासून गायलं जात असावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. ते खरं असेल तर येशूच्या मरणानंतर वीस-तीस वर्षांच्या आतलं हे गाणं. आता ते कुणाला लिहून पाठवलं ते पाहा. फिलिप्पै ही रोमी वसाहत, निवृत्त सैनिकांच्या घराण्यांची. तिथे रोमी नागरिकत्वाचा केवढा तोरा! वधस्तंभ ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. सभ्य घरात तिचं नावही निघत नसे. प्रभू म्हणायचं ते सम्राटाला. अशा गावाला पौल तुरुंगातून कळवतो की आपला प्रभू दास झाला आणि वधस्तंभावर गेला. आणि याच पत्रात पुढे युवदीया आणि सुंतुखे या दोघींना, नावं घेऊन, विनवणी आहे की प्रभूमध्ये एकचित्त व्हा. दोघींचं कशावरून बिनसलं होतं, ते पत्र सांगत नाही. पण विश्वाच्या धन्याने दास होणं आणि दोन बायांनी अबोला सोडणं ही पौलाच्या लेखी एकाच पत्रात बसणारी गोष्ट होती.

हे स्तोत्र कॅथलिक चर्चमध्ये दर वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाचतात. इतर बहुतेक रविवारांची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात बदलतात, हे मात्र त्या दिवशी ठरलेलंच. कोकणाला त्या दिवशी झावळ्या कुठून आणायच्या, असा प्रश्न पडत नाही.

समुद्र खवळलेला

ही पत्रं बरीचशी बंदरपट्टीतली आहेत. थेस्सलनीका बंदर, इफिस बंदर, आणि करिंथला तर दोन्ही अंगांना बंदरं. मधल्या चिंचोळ्या भूमीवरून फरसबंदी वाट काढलेली होती आणि तिच्यावरून होड्या या समुद्रातून त्या समुद्रात ओढून नेत. करिंथच्या त्या दोन बंदरांपैकी किंख्रियातली फीबी ही सेविका. रोमकरांचं पत्र रोमला नेलं ते तिनेच, असा बहुतेकांचा कयास. पौलाचं सर्वांत लांबलचक पत्र एका बाईच्या हाती सोपवलेलं होतं!

पौल स्वतः सांगतो की तीन वेळा माझं गलबत फुटलं आणि एक रात्र, एक दिवस मी भर समुद्रात काढला. मालवणच्या कुठल्याही तांडेलाला या ओळीचं वजन कळेल. तिकडे समुद्र हिवाळ्यात बंद व्हायचा, आपल्याकडे पावसाळ्यात होतो. म्हणूनच तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात निरोप आहे की हिवाळ्याआधी निघून ये. येताना त्रोवसला कार्पाच्या घरी राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर विसरूच नको! इब्री लोकांच्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. रोमच्या भुयारी दफनभूमीत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी थडग्यांवर तो नांगर कोरून ठेवला.

इब्री पत्राचा पेच

हे पत्र कुणाचं, कुणालाच ठाऊक नाही. सुरुवातीला नाव नाही, नमस्कार नाही. पण अख्ख्या नव्या करारात येशूला महायाजक म्हणणारं हे एकच पुस्तक. यात अडचण होती. याजकपण लेवी वंशाचं आणि येशू यहूदा वंशातला. देवळातला मान कुठल्या घराण्याचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले वाद कोकणात काही नवे नाहीत. त्यामुळे हा पेच इथे चटकन कळावा. पत्रलेखक थेट अब्राहामाच्या काळात जातो आणि मलकीसदेक नावाचा राजा-याजक शोधून काढतो, जो लेवीच्याही आधीचा. ख्रिस्त त्याच्या परंपरेतला. दुसऱ्यांच्या वतीने अर्पण करणाऱ्या या याजकाने स्वतःचंच अर्पण केलं, असा पत्राचा गाभा. गुड फ्रायडेला यातलाच उतारा वाचतात.

पटापट

योहानाचं तिसरं पत्र हे नव्या करारातलं असं एकमेव पुस्तक, ज्यात येशू किंवा ख्रिस्त हे नावच येत नाही. ‘नाम’ एवढाच उल्लेख. याकोबाच्या पत्रात ते नाव फक्त दोनदा.

याच्या अगदी उलट इफिसकरांचं पत्र. पहिल्या अध्यायातली 3 ते 14 ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे, दोनशेच्या आसपास शब्दांचं, आणि त्यात ‘ख्रिस्तामध्ये’, ‘त्याच्यामध्ये’ दहाएक वेळा येतं. चर्चमध्ये हे वाचणाऱ्याने आधी पूर्ण श्वास भरून घ्यावा.

रोमकरांचं पत्र लिहिणारा हात तर्तियसाचा. पौल सांगत गेला, हा लिहीत गेला आणि शेवटी स्वतःचाही नमस्कार घालून मोकळा झाला.

प्रकटीकरणात सात मंडळ्यांना सात पत्रं आहेत आणि तिथे पत्र पाठवणारा ख्रिस्त स्वतःच आहे. योहान फक्त लेखनिक. लावदिकीयाला फार कडक बोलणी बसली आहेत: ना गरम, ना थंड, कोमट!

बाहेरचा साक्षीदारही पत्रलेखकच निघाला. इ.स. 112च्या सुमारास प्लिनी या रोमी सुभेदाराने सम्राट त्राजानला कळवलं की ही माणसं ठरावीक दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गाणं गातात. प्लिनी हे लिहीत होता, तेव्हा त्यांना शिक्षा देत होता.

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यावरचं नाव

अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने वेंगुर्ल्यात इस्पितळ काढलं आणि त्याला सेंट ल्यूक्स हॉस्पिटल असं नाव दिलं. तिथल्या डॉ. गोहीन यांच्या काळापासून तळकोकणात हे नाव घरोघरी माहीत. पण लूक वैद्य होता हे कळलं कुठून? त्याच्या शुभवर्तमानात तसं लिहिलेलं नाही. कलस्सैकरांच्या पत्राच्या शेवटी नमस्कार कळवताना ‘प्रिय वैद्य लूक’ असा जाता जाता उल्लेख आहे. नव्या करारात तेवढाच. जगात लूकच्या नावाची जितकी इस्पितळं आहेत, ती सगळी त्या एका नमस्कारावर उभी आहेत.

मराठीत कधी आली?

1556 साली भारतातला पहिला छापखाना गोव्यात बसला, तो सेंट पॉल कॉलेजात, म्हणजे पत्रलेखक पौलाच्याच नावाच्या वास्तूत. मराठी नवा करार मात्र बंगालमध्ये छापला गेला: 1811, विल्यम कॅरी यांचं श्रीरामपूर, लिपी मोडी. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते प्रसिद्ध झालं. पत्रांमधल्या फीबी, युवदीया, सुंतुखे यांना मराठीत एका बाईनेही बोलतं केलं, याचा मला फार आनंद वाटतो.

पंचवीस वचनांची हुंडी

पौलाचं सर्वांत छोटं पत्र फिलेमोनाला. पंचवीस वचनं, एका बैठकीत वाचून होतात. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम त्याच्यापासून दुरावून पौलाकडे आला आणि ख्रिस्ती झाला. पौल त्याला परत पाठवतो, पण सोबत हे पत्र देतो. याला आता दास म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून घरात घे. मी आलो असतो तर जसं स्वागत केलं असतंस तसं कर. याने काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर माझ्या नावावर मांड. आणि मग लेखनिकाला बाजूला सारून पौल स्वहस्ते लिहितो की मी फेडीन. ख्रिस्ताने काय केलं यावर या पत्रात प्रवचन नाही. ख्रिस्ताने जे केलं तेच पौल इथे अनेसिमसाठी करतो: दुसऱ्याचं देणं आपल्या खात्यावर घेतो. शेवटी हक्काची मागणीही आहे, माझ्यासाठी एक खोली तयार ठेव.

तीन वर्षांच्या वाचनचक्रात या पत्राच्या वाट्याला एकच रविवार येतो. 2025मध्ये तो 7 सप्टेंबरला होता. आता पुन्हा 2028च्या सप्टेंबरात.