दगडाच्या जाळीत अडकलेलं सीझियम

पुणे, नाशिक, जळगावकडे विहिरीसाठी काळा पाषाण फोडला की कधीकधी आतल्या पोकळीत गुलाबी-पांढरे स्फटिक चमकतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट. ही झिओलाइट कुळातली खनिजं. तापवली की आतलं पाणी वाफ होऊन निघतं, म्हणून १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेटने त्यांना ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं. ह्यूलँडाइटचा सख्खा भाऊ क्लिनोप्टिलोलाइट. इंग्लंडमधल्या सेलाफील्डला १९८५ पासून तोच वापरलेल्या अणुइंधनाच्या तलावांच्या पाण्यातून किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्राँशियम वेचायला लावला गेला.

वेचायचं म्हणजे काय? झिओलाइटच्या सांगाड्यावर ऋण प्रभार असतो. तो भागवायला पोकळ्यांत सोडियमसारखे सैल आयन बसलेले असतात. सीझियमचा आयन आकाराने मोठा, पण भोवतीचं पाण्याचं वेष्टन फार घट्ट धरत नाही. ते सहज टाकून तो पोकळीत शिरतो आणि सोडियमला बाहेर काढतो. खरी कसोटी पुढे आहे. सांडपाण्यात सीझियम चिमूटभर आणि सोडियम ढीगभर. त्या गर्दीतून नेमकं सीझियमच ओळखलं पाहिजे.

जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेने ही कसोटी फार कठोर केली. मार्च २०११ मध्ये अणुभट्ट्या थंड करायला समुद्राचं पाणी ओतावं लागलं. तळघरांत साचलेलं पाणी किरणोत्सारी आणि वर खारट. जूनमध्ये झिओलाइटचे स्तंभ चालू झाले. पुढे स्फटिकी सिलिकोटायटनेटही आलं. अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळा आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठ यांनी घडवलेल्या या पदार्थाचे बोगदे सीझियमच्या मापाचे असतात, त्यामुळे मिठाच्या पाण्यातही त्याची निवड चुकत नाही. नंतर उभारलेली ‘आल्प्स’ यंत्रणा ६२ प्रकारची किरणोत्सारी समस्थानिकं पकडण्यासाठी होती. ट्रिटियम मात्र सुटलं. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनच, पाण्याच्या रेणूचाच भाग झालेला. त्याला कोणती जाळी वेगळं करणार? ऑगस्ट २०२३ पासून ते पाणी भरपूर पातळ करून समुद्रात सोडलं जातं आहे.

चित्रकारांचा प्रशियन निळा रंगही याच कामाचा. त्याच्याच कुळातले पदार्थ फिनलंडच्या लोविसा केंद्रात १९९१ पासून सीझियम गाळतात. ब्राझीलच्या गोयानिया दुर्घटनेत, १९८७ मध्ये, तोच बाधितांना पोटात घ्यायला दिला गेला.

मला मात्र पकड किती घट्ट एवढ्यावरच अशा धरून ठेवणाऱ्या पदार्थाची, म्हणजे अधिशोषकाची, पारख करणं अपुरं वाटतं. किरणोत्सार नष्ट होत नाही, फक्त लाखो लिटरमधून थोड्या जागेत गोळा होतो, आणि सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षांचं आहे. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेली रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड राळ मला महत्त्वाची वाटते. अल्कधर्मी कचऱ्यातून ती सीझियम धरते, आणि सौम्य नायट्रिक आम्लाने धुतली की सोडूनही देते. राळ पुन्हा वापरता येते आणि सुटलेलं सीझियम काचेत बंदिस्त करता येतं. फुकुशिमाचे भरलेले स्तंभ मात्र अजून त्याच आवारात, कायमच्या जागेची वाट पाहत उभे आहेत.