मृदंग घडविणारे हात

पालघाट मणि अय्यर (१९१२–१९८१) हे कर्नाटक संगीतातील थोर मृदंगवादक. त्यांची साथ ऐकताना गायक मालक आणि साथीदार नोकर, हा भेद उरत नसे. १९६६ साली मद्रासच्या म्युझिक अकादमीने त्यांना ‘संगीत कलानिधी’ ही पदवी दिली. हा मान मिळविणारे ते पहिलेच मृदंगवादक. पालघाट रघु, उमयाळपुरम शिवरामन यांच्यासारखे शिष्य त्यांनी तयार केले. उत्तरायुष्यात ऋषी व्हॅलीच्या शाळेतही शिकविले.

मी कामगार चळवळीतला माणूस. मला प्रश्न पडतो तो असा, की हा नाद घडविला कोणी? फणसाचे खोड कोरायचे, उजव्या पुडीला गाईचे व बकरीचे, डावीला म्हशीचे व बकरीचे कातडे चढवायचे, वादीने आवळायचे. हे काम तंजावरच्या पारलांदु या दलित ख्रिस्ती कारागिराचे. मणि अय्यरांना हवा तो आवाज काढण्यासाठी दोघांनी मिळून कितीतरी प्रयोग केले. वादकाची बोटे आणि कारागिराची सुरी, दोन्ही मिळून ती कला उभी राहिली.

परंतु कातडे हाताळणाऱ्याचा विटाळ मानणारा समाज त्याच कातड्याच्या नादावर माना डोलावीत राहिला! पदवी एकाला मिळाली. दुसऱ्याचे नाव श्रोत्यांपर्यंत आलेच नाही. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या पुस्तकात या कारागिरांची कहाणी मांडली.

माझी मागणी लहानशीच आहे. मैफलीच्या पत्रिकेत वादकाच्या नावाखाली वाद्य घडविणाराचेही नाव छापा.