कवेलू, उतार आणि परवानगी

यवतमाळ जिल्ह्यातल्या जुन्या घरांवर कुंभाराच्या भट्टीतले अर्धगोल देशी कवेलू, साच्यात दाबून काढलेले चपटे इंग्रजी कवेलू किंवा टिन दिसते. इंग्रजी कवेलू म्हणजेच मंगलोरी कौल. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला त्याचा पहिला कारखाना काढला. देशी कवेलू एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. वानरांची टोळी वरून गेली की ते सरकतात, फुटतात, आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी घर शाकारावे लागते. शाकारणारी माणसे आणि कवेलू घडवणारे कुंभार दोन्ही कमी झाले, म्हणून टिन आले. टिन लावायला सोपे आणि वजनाला हलके, पण पारा 43-44 अंशांवर गेला की त्याखाली दुपारी बसवत नाही. त्यामुळे छप्पर बदलायची वेळ आली की पुन्हा कवेलूचा विचार करणे अगदी रास्त आहे.

मात्र कवेलूचा रंग किंवा दर पाहण्याआधी घराची भिंत, लाकूड आणि उतार पाहावा लागतो. इंग्रजी कवेलूचे छप्पर रिपांसह चौरस मीटरला सुमारे 65 किलो भरते, तर देशी कवेलूचा दुहेरी थर जवळपास 120 किलो. टिन या दोन्हींपुढे कितीतरी हलके. 20 बाय 25 फुटांच्या घरावर इंग्रजी कवेलू चढवले तर साडेतीन टनांच्या आसपास भार येतो. आधी देशी कवेलू पेलणाऱ्या भिंतीला हा भार जड नाही. टिनासाठी बांधलेली पातळ भिंत असेल, किंवा मातीची भिंत पायथ्याशी ओलीने खचली असेल, तर मात्र आधी भिंतीचे काम करणे भाग आहे. काळ्या मातीवरच्या घरात भिंतीला उभी भेग गेली असेल, तर मिस्त्रीच्या अंदाजावर न थांबता अभियंत्याला दाखवणेच बरे.

सगळ्यात जास्त गफलत उताराची होते. इंग्रजी कवेलूला सुमारे 30 अंश उतार लागतो. तो कमी पडला तर वाऱ्याबरोबर आलेले पाणी सांध्यातून मागे सरकते आणि चांगला कवेलूही गळतो. 20 फूट रुंदीच्या दुपाखी घरात 30 अंशांसाठी आढे भिंतीच्या माथ्यापासून पावणेसहा फूट वर न्यावे लागते. टिनाला 10 अंशांचा उतारही चालतो, तिथे आढे पावणेदोन फुटांवर असते. म्हणजे टिन काढून कवेलू घालायचे तर आढे चार फूट उचलायचे आणि दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंती तेवढ्याच वाढवायच्या.

परवानगीचा प्रश्न नेमका इथे येतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 मध्ये इमारतीच्या बाह्य रूपात लक्षणीय फरक न करणाऱ्या देखभाल-दुरुस्तीला परवानगीतून सूट आहे. त्याच भिंतींवर, त्याच उंचीला फुटके कवेलू काढून नवे घालणे ही दुरुस्ती. आढे उचलणे, भिंत वाढवणे किंवा वळचण पुढे काढून जादा जागा झाकणे हे बांधकामात मोडू शकते. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा यांसारख्या शहरांत त्यासाठी नगरपरिषदेकडे जावे लागते. तिथे डिसेंबर 2020 पासूनची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. खेड्यात ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 52 प्रमाणे घर बांधण्याआधी किंवा पुन्हा बांधण्याआधी पंचायतीची परवानगी घ्यावी लागते. नुसती दुरुस्ती असली तरी जुन्या छपराचे फोटो आणि मापे जोडून ग्रामपंचायतीला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. गावठाणात भिंतीला भिंत लागून असते. पागोळ्यांचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडले की तक्रार येते, आणि तेव्हा हाच कागद कामी येतो. त्या बाजूला पन्हाळी लावून पाणी आपल्याच हद्दीत उतरवणे हा त्यावरचा साधा उपाय.

लाकडाचा नियम सागाच्या या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा. साग, मोह, बिजा ही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि लाकूड हलवायला वन विभागाचा वाहतूक पास लागतो. जुने सागवानी वासे ठोकून पाहावेत. खणखणीत वाजणारे पुन्हा वापरावेत, पोकळ वाजणाऱ्यांना आतून वाळवी लागलेली असू शकते. रिपांतले अंतर कवेलू हातात आल्यावरच ठरवावे. साधारण 32 सेंटिमीटर धरतात, पण कारखान्यागणिक माप थोडे बदलते.

कवेलूची पारख मग सोपी. बोटाने वाजवल्यावर तो धातूसारखा वाजावा, सपाट फरशीवर ठेवल्यास डुलू नये, भाजणीचा रंग सगळीकडे सारखा असावा. कोरडा कवेलू तोलून 24 तास पाण्यात बुडवावा आणि पुन्हा तोलावा. वजन पाचव्या हिश्शाहून अधिक वाढले तर तो माल नको. चौरस मीटरला 15 कवेलू लागतात. वरच्या मापाच्या घराला उतारासह 800 च्या वर होतात, वळचण आणि फुटतूट धरून 900 ते 950 मागवावेत. त्यातले पन्नासेक घरीच ठेवावेत, कारण पुढे त्याच साच्याचा कवेलू मिळेलच असे नाही. आढ्याला लागणारे कवेलू वेगळे मोजावेत. वानरांचा त्रास असलेल्या गावात वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने रिपांना बांधून घ्याव्यात. वादळात पहिल्यांदा उचलले जातात ते याच ओळींतले कवेलू.

छपराचा प्रकार सरकारी नोंदीतही मोजला जातो. 2011 च्या जनगणनेत हाताने घडवलेले आणि यंत्राने काढलेले कवेलू वेगळे नोंदवले आहेत, आणि घरकुलाच्या पाहणीत हातकवेलूचे छप्पर कच्चे धरले जाते. त्यामुळे घरकुलाच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबाने छप्पर बदलण्याआधी पंचायत समितीत विचारून घ्यावे. काम पूर्ण झाल्यावर बांधकामाचा प्रकार किंवा क्षेत्र बदलले असेल, तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये तशी नोंद करून घ्यावी. घरपट्टी त्याच नोंदीवरून आकारली जाते.