पांगाऱ्याच्या सावलीत

कर्नाटकातल्या मुडिगेरेजवळच्या एका मळ्यात आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस पडून आठ-नऊ दिवस झाले होते आणि कॉफी फुलली होती. फांदी न् फांदी पांढरीशुभ्र, आणि जुईच्या जवळ जाणारा वास. मार्चअखेरच्या या पावसाला तिथं सगळे 'ब्लॉसम शॉवर' म्हणतात. तो चुकला तर वर्ष हातचं गेलं.

मी फुलांचे फोटो काढत होतो. घरच्या आजोबांनी मला हाताला धरून खाली बसवलं. "फुलं सगळेच बघतात. खोड बघा," ते कानडीत म्हणाले, नातवानं हिंदीत सांगितलं. त्यांच्या हातात काथ्याचा हातमोजा होता. खोडाची सुटी साल ते त्यानं घासून काढत होते. मधेच थांबून त्यांनी माझं बोट एका जागी टेकवलं. म्हाताऱ्या हातावर शीर तटतटावी तसा उंचवटा लागला. आत खोडकिड्याची अळी लाकूड पोखरत होती. अशा झाडाला औषध नाही, उपटून जाळायचं. पाच मिनिटांत नातवानं कुदळ आणली. त्या झाडावरही फुलं होती.

किड्याचा भुंगा सालीच्या भेगांत अंडी घालतो, म्हणून ही घासाघीस. पण त्याला उन्हातली खोडं जास्त आवडतात. त्यामुळे या अरेबिका कॉफीची खरी राखण म्हणजे सावली. या घरानं फणस, उंबर, शिसवी राखलेत, त्यांवर मिरीचे वेल चढवलेत आणि मधे पांगारा लावलाय. आपण पांगारा ओळखतो तो लाल फुलांवरून. इथं त्याचा पाला कुजून कॉफीला नत्र देतो. उन्हाळ्यात त्याला हात लावत नाहीत, पावसाच्या तोंडावर फांद्या छाटतात, कारण पावसाळ्यात गर्द सावली राहिली की ओलीनं कॉफीची पानं काळी पडून कुजतात. किती छाटायचं? आजोबा भर दुपारी जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे बघून ठरवतात.

आसपास बऱ्याच जणांनी जुनी झाडं काढून सिल्व्हर ओक लावला. झपाट्यानं वाढतो, सरळसोट, लाकूडही विकता येतं. त्यांना दोष देववत नाही; मजुरी थांबत नाही, भाव मात्र डगमगतो. तरी माझ्या मते या घराचं गणित जास्त दूरचं आहे.

सून गोदाम दाखवताना पाण्याबद्दलच बोलत राहिली. सहा किलो फळांतून जेमतेम किलोभर बी निघतं. उरलेली सालं कंपोस्टच्या खड्ड्यात जातात. फळाचा गर आंबवून धुतलेलं पाणी आंबट असतं. ते ओढ्यात सोडलं तर पुढं हेमावतीत आणि तिथून कावेरीत जायचं, म्हणून शोषखड्ड्यात जिरवतात. हे खड्डे तिनं लग्नानंतर सासऱ्यांशी वाद घालून खणवून घेतले. आता तेच पाहुण्यांना आधी खड्डे दाखवतात.

ही कॉफी आपल्याकडे पोहोचते ती पुडीतून. तीत चिकोरीच्या मुळांची भुकटी मिसळलेली असेल तर तिचं प्रमाण पुडीवर छापलेलं असतं. कायद्यानं ते 49 टक्क्यांपर्यंत चालतं. पुढच्या वेळी पुडी उलटून वाचा. जमेल तेव्हा थोडे जास्त मोजून निखळ कॉफी घ्या, आणि ती कुठल्या मळ्यातली, सावलीतली की उन्हातली, हे दुकानदाराला विचारा.