महाकाय रोबोला वजन कुठून येतं?

समजा, एका गेममध्ये तुम्ही १६ मीटर उंच रोबोच्या कॉकपिटमध्ये बसलाय. स्टिक पुढे ढकलली. रोबो तुरुतुरु पळत सुटला आणि बोट उचलताच जागच्या जागी थांबला. ग्राफिक्स कितीही देखणे असू देत, हे धूड काही टन वजनाचं आहे यावर विश्वास बसत नाही. का बसत नाही? प्रश्न पोरकट दिसतो, पण संशोधनाचा प्रश्न कसा घडवायचा हे शिकायला मला तो फार आवडतो.

पहिली अडचण म्हणजे ‘वास्तववादी’ हा शब्द. कशाच्या तुलनेत वास्तववादी? असा रोबो कुणीच चालवलेला नाही. जपानमध्ये योकोहामाला २०२० साली १८ मीटर उंचीचा, हालचाल करणारा गुंडाम उभा केला होता, पण त्यालाही कमरेला आधार द्यावा लागला होता. म्हणजे तुलनेला मूळ वस्तूच नाही! मग निदान भौतिकशास्त्र काय म्हणतं ते बघू.

चालताना पाय साधारण लंबकासारखा झुलतो आणि लंबकाचा आवर्तनकाळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. आपला पाय ०.९ मीटर, रोबोचा ९ मीटर धरा. लांबी दहापट, म्हणून प्रत्येक पावलाला वेळ सुमारे ३.२ पट. आपण सेकंदाला जवळजवळ दोन पावलं टाकतो, तर रोबोला एका पावलाला दीड सेकंदाहून जास्त लागेल. पाऊल मात्र दहापट लांब पडतं, त्यामुळे आपल्या सेकंदाला १.४ मीटरच्या जागी त्याचा वेग सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर. आरामात सायकल चालवावी तेवढाच! वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरण आणि पायाची लांबी यांच्या गुणाकाराने भागलं की येतो तो फ्रूड अंक. तो साधारण ०.५ झाला की आपण चालणं सोडून पळायला लागतो. मॅक्नील अलेक्झांडर यांनी १९७६ मध्ये पावलांच्या ठशांवरून डायनासोरचा वेग काढला, तो याच अंकाच्या आधारे. आपल्या रोबोची ही मर्यादा ताशी २४ किलोमीटरच्या आसपास येते.

आता गंमत बघा. १६ मीटरवरून पाहताना ताशी १६ किलोमीटरला जमीन अगदी सावकाश सरकते. खेळाडू कंटाळतो, डिझायनर वेग वाढवतो आणि रोबो खेळण्याएवढा वाटू लागतो.

यावर एक सोपा (आणि माझ्या मते चुकीचा) उपाय म्हणजे स्टिक हलवल्यावर अर्धा सेकंद काहीच न होऊ देणं. याने रोबो जड वाटत नाही, गेम अडकल्यासारखा वाटतो. विलंब वेगळा, जडत्व वेगळं. जडत्वात प्रतिसाद लगेच सुरू होतो: मोटरचा आवाज चढतो, कॉकपिट कलतं, पण वेग हळूहळू येतो आणि थांबायलाही वेळ लागतो. ‘मेकवॉरियर’ मालिकेत पाय एकीकडे आणि धड दुसरीकडे वळवता येतं. पाय सावकाश वळतात, पण नेम धरायला तुम्ही मोकळे असता. २००२ च्या ‘स्टील बटालियन’ने तर सुमारे ४० बटणं, दोन स्टिक आणि तीन पेडलं असलेला कंट्रोलरच दिला, तिथे वजनाचा काही भाग थेट तुमच्या हातापायांवर येतो.

हे तपासायचं कसं? एकच रोबो दोन प्रकारे बनवा: एकात विलंब, दुसऱ्यात जडत्व. पूर्ण वेगाला पोचायचा एकूण वेळ दोन्हीत सारखा ठेवा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणारच नाही. पावलांचा आवाज आणि कॅमेऱ्याची हालचालही तीच ठेवा. आणि ‘वास्तववादी वाटलं का?’ असं कृपया विचारू नका, कारण समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘हा रोबो किती टनांचा असेल?’ असं विचारा. उत्तर चुकलं तरी चालेल, आपल्याला दोन्ही उत्तरांतला फरक हवाय.

कॅमेऱ्याबाबत जपून. चालताना आपलं डोकं चार-पाच सेंटिमीटर वरखाली होतं. त्याच प्रमाणात रोबोचं कॉकपिट अर्धा मीटर हलायला हवं. गणित बरोबर, पण खुर्ची स्थिर असते. डोळे म्हणतात हललो, अंतर्कर्ण म्हणतो नाही, आणि व्हीआर हेडसेट घातलेल्या माणसाला मळमळायला लागतं. त्यामुळे हालचाल बरीच कमी ठेवा आणि धक्का कॉकपिटच्या चौकटीला, लोंबणाऱ्या वायरींना द्या. पायलट स्टडीत (शब्द इथे दोन्ही अर्थांनी चपखल आहे!) मळमळीची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण त्रास होणारा माणूस वजनाचा अंदाजही घाईत सांगून मोकळा होतो.