मदरबोर्ड मुका का झाला?

जूनच्या मध्याला शाळा भरते. दीड महिना बंद असलेल्या संगणकाच्या खोलीचे कुलूप निघते, आवरणावरची धूळ झटकली जाते आणि कोणीतरी मोठ्या उत्साहाने बटण दाबतो. पेटीतला पंखा फिरू लागतो, दिवाही लागतो. पण पडदा काळा तो काळाच! पुन्हा बटण दाबून पाहावे, पेटीवर एक थाप मारून पाहावी (ही थाप आपल्याकडे रेडिओच्या काळापासून चालत आली आहे), तरी काही उपयोग होत नाही.

नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातील एका शाळेत नेमके असेच झाले. शाळेकडे संगणक दोनच. त्यांतला एक आधीच बंद पडून कोपऱ्यात बसलेला, आणि आता दुसराही गप्प. दहावी झालेल्या मुलांचे अकरावीचे अर्ज याच यंत्रावरून भरायचे होते. नाही तर प्रत्येकाने एस.टी.ने तालुक्याला जायचे आणि तेथे पैसे मोजायचे. दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला होता, "मदरबोर्ड गेला. नवा संगणक घ्या." शाळेजवळ तेवढे पैसे नव्हते. मी योगायोगाने तेथे होतो, आणि आठवी-नववीची चार मुले सरांच्या मागे लागली होती, "सर, आपणच उघडून पाहू या ना!"

पाहू या. पण उघडण्याआधी थोडा विचार करू. तो केला नाही, तर उघडून दिसणार काय? हिरवी पाटी आणि तिच्यावरची काळी झुरळे!

तुम्ही पुढचे बटण दाबता तेव्हा काय घडते? घरातल्या दिव्याच्या बटणातून दिव्याचा सारा विद्युतप्रवाह जातो. संगणकाचे बटण तसे नसते. ते मदरबोर्डवरच्या दोन बारीक टाचण्या क्षणभर जोडते, एवढेच. २३० व्होल्टचा प्रवाह जातो तो मागच्या लोखंडी डब्यात. या डब्याला कारागीर एसएमपीएस म्हणतात. संगणक बंद दिसत असला, तरी हा डबा जांभळ्या तारेतून मदरबोर्डला ५ व्होल्टचा बारीकसा प्रवाह सतत पुरवत असतो. म्हणजे मदरबोर्ड एका डोळ्याने जागाच असतो म्हणा ना. बटणाची खूण मिळताच तो हिरवी तार काळ्या तारेला जोडल्यासारखी करतो, आणि मग डबा खऱ्या अर्थाने सुरू होतो : पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, तांबड्या तारेत ५, नारिंगी तारेत ३.३. हे सारे दाब स्थिर झाले की अर्ध्या सेकंदाच्या आत डबा करड्या तारेतून निरोप पाठवतो, "सर्व ठीक आहे." हा निरोप मिळेपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेले असते.

आता सांगा, पंखा फिरतो यावरून काय सिद्ध होते? पंखा १२ व्होल्टच्या तारेवर चालतो. तेव्हा तो फिरला, याचा अर्थ १२ व्होल्ट मिळत आहेत, इतकाच. प्रोसेसर विचार करतो आहे की नाही, हे पंख्याला काय ठाऊक?

सरांनी मल्टिमीटर काढला. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ एवढी सूट चालते. आकडे या मर्यादेत होते. डबा निर्दोष सुटला. (डब्याचे झाकण मात्र कधीही उघडू नका. आत २३० व्होल्टची दिशा बदलणारी वीज एकदिशा होते, तेव्हा सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ते काम जाणत्या कारागिराचे.)

येथे एका मुलीने वेगळाच प्रश्न काढला. "सर, या पेटीला हात लागला की मुंग्या येतात. हेच तर कारण नसेल?" तुमच्याही शाळेत असे होते का? डब्याच्या तोंडाशी दोन चिमुकली धारित्रे बसवलेली असतात. एक फेजपासून पेटीपर्यंत, दुसरे न्यूट्रलपासून पेटीपर्यंत. विजेबरोबर येणारा व जाणारा गोंगाट जमिनीत सोडून देणे हे त्यांचे काम. पण जमिनीकडे जाणारी वाटच तुटलेली असेल तर? मग पेटी या दोहोंच्या मधोमध लोंबकळत राहते आणि तिच्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्ट येतात. प्रवाह एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी असतो म्हणून झटका बसत नाही, नुसत्या मुंग्या येतात. टेस्टर लावला तर मंद उजळतो.

अर्थिंगची तार भिंतीमागच्या खड्ड्यात गेलेली होती. आपला जिल्हा काळ्या कातळाचा. वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम. उन्हाळ्यात ही जमीन ठणठणीत कोरडी होते आणि कोरडी जमीन विजेला चांगली वाट देत नाही. म्हणून तर खड्ड्यात मीठ व कोळसा घालतात आणि वरून अधूनमधून पाणी ओततात. येथे पाणी ओतणे दूरच राहिले, तारेचा नटसुद्धा गंजून सुटलेला होता. तो घासून घट्ट बसवला, खड्ड्यात चार बादल्या पाणी घातले, मुंग्या गेल्या. संगणक मात्र अजूनही मुकाच! खराब अर्थिंग हा धोका खरा, पण पडदा काळा राहण्याचे कारण तो नव्हता. एक दोष सापडला की तोच दोषी असे मानण्याची घाई आपण फार करतो.

आता मदरबोर्डकडे वळू. निरोप मिळताच प्रोसेसर पहिली गोष्ट कोणती करतो? १९८१ साली आयबीएम कंपनीने काढलेल्या पीसीत प्रोसेसरला स्मृतीचे १०,४८,५७६ पत्ते माहीत असत. वीज आली की तो नेहमी एकाच पत्त्यावर जाई : १०,४८,५६०. शेवटापासून सोळावे घर म्हणा. तेथे वाचनमात्र स्मृतीत कायमची कोरलेली आज्ञा असे. आजच्या यंत्रात पत्त्यांची संख्या अफाट वाढली, पण ठरलेल्या जागी जाऊन ठरलेली आज्ञा वाचायची, ही रीत बदललेली नाही. या आज्ञांच्या संचाला बायॉस म्हणतात. तो आधी सर्वांची हजेरी घेतो : स्मृती आहे का? चित्र काढणारे मंडल आहे का? कळफलक आहे का?

आणि येथेच गंमत आहे. पडदाच चालू नसेल तर बायॉसने तक्रार कोणत्या तोंडाने सांगायची? त्यासाठी त्याला एक छोटा भोंगा दिलेला असतो. सर्व ठीक असेल तर बऱ्याच यंत्रांत एक आखूड 'बीप' वाजते. स्मृती सापडली नाही तर लांब 'बीप' पुन्हा पुन्हा वाजत राहते. अवॉर्ड नावाच्या बायॉसमध्ये एक लांब व दोन आखूड म्हणजे चित्राच्या मंडलात बिघाड. प्रत्येक बायॉसची भाषा थोडी निराळी असते, म्हणून मदरबोर्डची पुस्तिका जपून ठेवावी.

आमच्या मदरबोर्डवर भोंगाच नव्हता! हल्ली पुष्कळ बोर्ड भोंग्यासाठी चार टाचण्या तेवढ्या देतात, भोंगा देत नाहीत. म्हणजे बिचारा ओरडत असला तरी ऐकू कसे येणार? मग कोपऱ्यातला जुना संगणक आठवला. त्याच्या पेटीत पन्नास पैशाच्या नाण्याएवढा भोंगा होता. तो काढून येथे लावला. बटण दाबले. शांतता.

आता खरी परीक्षा. प्लग काढला आणि बटण काही क्षण दाबून धरले, म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जातो. पेटीच्या लोखंडाला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभारही घालवला. (हिवाळ्यात स्वेटर काढताना होणारी तडतड आठवा. सुमारे तीन हजार व्होल्टच्या खालचा असा झटका आपल्याला जाणवतसुद्धा नाही. चिप मात्र त्याहून पुष्कळ कमी दाबाने मरते.) मग स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, काढून बाजूला ठेवली आणि रॅमशिवायच बटण दाबले.

बीऽऽप... बीऽऽप... बीऽऽप!

मुले दचकली. मी म्हणालो, ही वाईट बातमी नाही, सर्वांत चांगली बातमी आहे. विचार करा. भोंगा आपोआप वाजत नाही. प्रोसेसरने बायॉसमधील आज्ञा वाचल्या, स्वतःच्या पोटातल्या थोड्याशा जागेत हिशेब केला, स्मृती शोधली, ती नाही असे ठरवले आणि मग भोंगा वाजवला. एवढे सारे ज्याने केले, तो बोर्ड मेलेला कसा? निकाल चुकीचा होता.

मग रॅम असताना तो गप्प का? रॅम मुळीच नसेल तर बायॉसला स्पष्ट कळते. पण ती आहेही आणि नीट बोलतही नाही, अशा वेळी काही यंत्रे गोंधळून मध्येच थबकतात. या पट्टीच्या काठाला दोन्ही बाजू मिळून २४० सोनेरी पट्ट्या होत्या. सोने गंजत नाही खरे, पण त्यावर धूळ, बोटांचे तेल आणि ओल यांचा पातळ पापुद्रा बसतो. शिवाय मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास, रात्री गारवा; तापून-निवून पट्टी आपल्या खाचेत केसभर सरकते. २४० पैकी महत्त्वाच्या एकाच जोडाने दगा दिला तरी पुरे.

औषध दप्तरातच होते. मऊ, पांढऱ्या खोडरबराने काठ एका दिशेने हलकेच पुसला, चुरा ब्रशाने झटकला, खाच हवेच्या पंपाने साफ केली. सोन्याचा थर फार पातळ असतो, म्हणून पाटी घासल्यासारखे घासू नये. पट्टी दोन्ही टोकांना 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवली. बटण दाबले. एक आखूड बीप, आणि पडदा उजळला.

मात्र त्यावर तारीख भलतीच जुनी होती. याचा दोषी ओळखणे सोपे. मदरबोर्डवर रुपयासारखी गोल बॅटरी असते, सीआर-२०३२. तिचे नाव म्हणजे तिचे माप : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. ३ व्होल्टची ही बॅटरी वीज नसतानाही गारेच्या स्फटिकाचे घड्याळ चालू ठेवते. स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा विचित्र आकडा का? त्याला १५ वेळा निम्मे करून पाहा. बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते, आणि तारीख चुकली की इंटरनेटवरची सुरक्षित पाने उघडायला नकार देतात. अर्ज भरताना हे अडले असते. बॅटरी बदलली. पहिला अर्ज त्याच दुपारी गेला.

आता तो जुना संगणक. भोंगा काढताना एका मुलाने विचारले होते, "याच्या डब्या फुगल्या का आहेत?" प्रोसेसरच्या भोवती उभ्या असलेल्या सहा दंडगोलांची टोपणे वर आली होती, दोहोंवर तपकिरी चिकटा. ही धारित्रे, दुकानात त्यांना कपॅसिटर म्हणतात. बाकीची ठीक आणि हीच का फुगली? हिशेब करा. छताचा ७५ वॅटचा पंखा २३० व्होल्टवर जेमतेम एक-तृतीयांश अँपिअर घेतो. प्रोसेसर ६० वॅट घेतो, पण सुमारे १.२ व्होल्टवर. म्हणजे ५० अँपिअर! तुमच्या घराच्या मुख्य स्विचपेक्षाही जास्त. हा प्रवाह क्षणाक्षणाला कमीजास्त होतो आणि ते धक्के सोसायचे काम या डब्यांचे. त्यांच्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये द्रव असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. त्यातून १९९९ नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष द्रवाची धारित्रे विकली गेली आणि लाखो मदरबोर्ड असेच फुगून बंद पडले.

तेव्हा हा बोर्ड खरोखरच आजारी होता. पण धारित्रे बदलता येतात : तितक्याच मायक्रोफॅरडची, तितक्याच किंवा अधिक व्होल्टची, १०५ अंश छापलेली, आणि ऋण बाजूचा पट्टा ओळखून बसवलेली. डाग देण्याचे काम बारीक असल्याने सरांनी तो बोर्ड नगरच्या एका कारागिराकडे पाठवला आहे. भोंगा मात्र मुलांनी परत दिला नाही. तो आता चालू संगणकातच राहिला आहे.